झाडं दादाची

वाटणीत माळाची जमीन यमुनाच्या नावावर आली. तिच्यावरची झाडं मात्र थोरल्या भावाच्या, विश्रामच्या हक्काची राहिली.

श्रावणात यमुनाचा नवरा गेला. घरात सरणापुरतीही लाकडं नव्हती. घर त्याच माळावर; दारात वठलेला आंबा उभा होता, पण तिने कुणाला त्याला हात लावू दिला नाही. आधी दादाकडे माणूस पाठवला.

निरोप मिळताच विश्राम आला; पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या अंगणात.

"अगं, एवढ्यासाठी माझी परवानगी मागायची?"

"मागे गोठ्यासाठी एक फांदी तोडली, तर तू वकिलाची नोटीस धाडलीस, दादा."

विश्रामने शेजाऱ्याच्या हातून कुऱ्हाड घेतली. खोडावर दोन घाव घातले. तिसऱ्याला हात उचललाच नाही. तो तिथेच मटकन बसला.

यमुना त्याच्याकडे न बघता आत निघून गेली.