पळायचं नाही

"अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. जमिनीवर लोळायचं," अग्निशमन दलाचा जवान दुसरीच्या वर्गाला शिकवत होता.

"काका, माझी आई लोळत होती," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण बाबा लाथा मारत होते. मग मीच तिच्यावर ब्लँकेट टाकलं."

जवान तिच्यासमोर उकिडवा बसला. "पेटवलं कुणी?"

"बाबांनीच. पण दवाखान्यात स्टोव्हचा भडका उडाला असंच सांगायचं होतं."

"आई आता कुठाय?"

"आज सकाळी घरी आली. बाबा रॉकेलची नवीन बाटली भरून आणायला गेलेत."

मुलांना दाखवायला मैदानात उभा केलेला बंब भोंगा वाजवत तिच्या घराकडे सुटला. आग अजून लागायची होती.