लहान रातकिडे

"पिल्लू वाढलंय का जरा?" मासेवाल्याने विचारलं.

"नाही हो. आहे तेवढंच आहे," म्हणत तिने रिकामी डबी काउंटरवर ठेवली.

हे ऐकून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. त्याने लहान रातकिडे मोजल्यासारखं करून डबीत सोडले, हातचं राखूनच. परवा संपले की ती परत येणार होती.

दुकानात पोपट होते, कासवं होती, सरडे होते. पण सुरुवात माशांपासून झाली, म्हणून सगळे त्याला मासेवालाच म्हणायचे. अजूनही कुणीतरी फोन करून कोळंबी ताजी आहे का विचारायचं. चाळिशी उलटून गेली होती. त्याच्या लग्नाचा विषय काढून काढून ताई दमली होती आणि आता दुपारी गल्ल्यावर बसून नुसते सुस्कारे टाकायची.

चष्मेवाली पहिल्यांदा आली ती हिवाळ्यात. दोन गल्ल्या पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात ती काम करायची. दारातच थबकली होती. पेटीत दाढीवाल्या सरड्याचं बोटभर पिल्लू दिव्याखाली शेकत होतं. तिच्याकडे बघून त्याने पुढचा एक पाय उचलला आणि हळूच हलवला.

"टाटा करतोय तुम्हाला," मासेवाला म्हणाला, आणि मग त्याची गाडी सुटली ती सुटलीच. एका टोकाला ऊब हवी, दुसऱ्या टोकाला गारवा. खाली वाळू नको, पोटात जाते. किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरवायची. आणि किडा केवढा द्यायचा? त्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढाच. त्याहून मोठा दिला तर पचत नाही.

"दोन डोळ्यांमधलं अंतर? ते तर मी दिवसभर मोजत असते!" ती हसली.

झालं! त्या हसण्याने त्याचा निकाल लावला. तिने पिल्लू घेतलं. पेटी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून, जपून जपून घेऊन गेली. किती काळजीने नेतेय, असं वाटून तो गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिला.

तेव्हापासून ती एक दिवसाआड यायची. पिल्लाचं काही ना काही विचारायची, तो सांगायचा, ती मान डोलवत ऐकायची. मध्येच चष्मा नाकावर वर सरकवायची. ती आली नाही त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. एवढा मोठा बाप्या, पण दाराची घंटा वाजली की छातीत धडधड!

पण खरं काय ते त्याला माहीत होतं. हे सरडे भराभर वाढतात. एव्हाना ते हातभर व्हायला हवं होतं. मग त्याला मोठे रातकिडे लागले असते, आणि ते आणून ठेवले की पंधरा पंधरा दिवस टिकतात. पुढे तर किडे कमी आणि पालाच जास्त. पाला काय, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही मिळतो.

म्हणून ती "तेवढंच आहे" म्हणाली की तो गप्प बसायचा.

ताईच्या नजरेतून काही सुटत नसे. "सरड्याची तब्येत विचारतोस रोज. तिची विचार की एकदा."

"ताई, गप्प बस ना."

"मी बसते गप्प. तू कशाला बसतोस?"

हळूहळू मात्र त्याचा जीव टांगणीला लागला. वाढत नाही म्हणजे काय? दिवा कमी पडत असेल. हाडं मऊ पडली असतील. नाहीतर सरळ उपासमार! आपण आपल्या हौसेपायी मूठभर चिलटांएवढ्या किड्यांवर त्या बिचाऱ्याला जगवतोय.

"एकदा घेऊन या ना त्याला. बघतो मी," तो म्हणाला.

ती गडबडली. "नको. ते... बाहेर घाबरतं."

त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांसमोर सारखं ते पिल्लू, पाय हलवणारं.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा त्याने मोठ्या रातकिड्यांचा खोका आणि कोवळ्या पाल्याची जुडी आधीच काउंटरवर मांडून ठेवली होती. ताई मुद्दाम मागच्या खोलीत गेली.

"हे न्या," तो म्हणाला. "आणि माझं ऐका. चूक माझी आहे. त्याला कधीच मोठे किडे द्यायला हवे होते. मला माहीत होतं. पण मोठे दिले असते तर तुम्ही पंधरा दिवस फिरकला नसता. मला ते सोसलं नसतं. म्हणून मी लहान देत राहिलो, तेही कमी कमी. तुमचं जनावर माझ्यामुळे खुरटलं. आता मला हवं ते बोला, पण त्याला वाचवा."

एका दमात बोलून तो मान खाली घालून उभा राहिला. आता ती जाणार, आणि परत यायची नाही, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

तिने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"ते छान आहे," ती म्हणाली. "हातभर झालंय. माझ्या भावाकडे असतं."

"भावाकडे? कधीपासून?"

"नेलं त्याच संध्याकाळपासून. मला सरड्यांची भयंकर भीती वाटते."

त्याने तिच्या हातातल्या डबीकडे बोट केलं. "मग हे एवढे रातकिडे?"

"दुकानामागच्या अंगणात सोडते," ती लाजून म्हणाली आणि रिकामी डबी पुढे सरकवली. "लहानच द्या. आणि कमी द्या."