एकतीस पिल्लं

माशांच्या टाकीत काळ्या मॉलीने पाचवं पिल्लू टाकलं आणि वळून तिसरं गिळलं.

घड्याळजी काचेला नाक लावून बसला होता. डोळ्याला दुरुस्तीचं भिंग, त्यामुळे त्याला सगळं गरजेपेक्षा जास्तच स्पष्ट दिसत होतं. मागे त्याची बायको शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोनवर झापत होती. चार दिवसांपूर्वी ही एवढी जाड का, असं विचारलं तर खाऊनपिऊन सुखी आहे म्हणालात. आता या आणि बघा तिचं सुख. दुकानदार म्हणाला, पाठवतो कुणाला तरी, तोवर आईला वेगळी करा.

कशी, ते सांगण्याआधी त्याने फोन ठेवला.

साडेतीन झाले होते. चार वाजता दत्तक कार्यालयातून घर बघायला येणार होते; तसा तिथल्या बाईंचा फोन आला होता. आठ वर्षं वाट बघून, तीनदा अर्ज भरून एका सहा वर्षांच्या मुलीचा फोटो हातात आला होता. आता सगळं या एका भेटीवर अडलं होतं. घड्याळजीने सकाळी घराची तपासणी करून यादी केली होती. अधिकच्या बाजूला बारा गोष्टी, उणेच्या बाजूला एकच, बाथरूमची कडी. मासे त्याने अधिकच्या बाजूला मांडले होते.

चारला वीस मिनिटं असताना बेल वाजली. बायकोने दार उघडलं, दारातल्या पिकल्या मिशांच्या माणसाचा दंड धरला आणि त्याला थेट टाकीपुढे आणून उभं केलं. तो काहीतरी सांगू बघत होता.

"काका, ओळखपाळख नंतर. आधी हात घाला," ती म्हणाली.

माणसाने टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बॅग बुटांपाशी ठेवली आणि बाह्या वर सारल्या. जाळी त्याच्याकडे नव्हती. चहाची गाळणी मिळेल का, त्याने विचारलं. न्हाव्याने गिऱ्हाइकाकडे कात्री मागावी तसं हे, असं घड्याळजी पुटपुटला, पण गाळणी त्यानेच धावत आणली.

मॉलीने तिघांनाही दमवलं. पडदा भिजला, घड्याळजीचा इस्त्रीचा शर्ट भिजला. शेवटी ती पातेल्यात गेली, तर दोन नारिंगी मासे पिल्लांवर टपलेले. पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात, वनस्पतीच्या आडोशाला, मोहरीला शेपूट फुटावं तशी. माणूस गाळणी धरायचा, बायको पळीने हाकायची, घड्याळजी भिंगातून मोजायचा. नऊ. चौदा. सतरा.

"तूच म्हणालीस ना, मासे ठेवले की घर लेकुरवाळं दिसतं," घड्याळजी मोजता मोजता म्हणाला. "आता बाई येतील आणि बघतील, या घरात आई पोरं खाते."

"कोण बाई?" माणसाने विचारलं.

बायकोने सगळं सांगून टाकलं, अर्ज, फोटो, मुलीच्या पुढच्या पडलेल्या दातासकट. हात मात्र थांबवला नाही. माणूस म्हणाला, पळी जरा तिरकी धरा.

"आणि बाईंनी नाही म्हटलं तर?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"तर मासे राहतील," घड्याळजी म्हणाला.

अठरावं पिल्लू गाळणीत हललं नाही. बायकोची पळी थांबली. तिने तोंड फिरवलं. घड्याळजीने घड्याळाचं बारीक चाक उचलावं तशा बेताने गाळणी हातात घेतली आणि पिल्लू भांड्यात सोडलं. भिंग लावून तो वाकून राहिला. बराच वेळ.

"अगं, बघ," तो म्हणाला. "हललं. अठरा."

मग तिघांनाही चेव चढला. एक टाकीच्या पंपामागे सापडलं, एक काकांच्या बाहीत. एकतीसला घड्याळजीने जमिनीवरच बसकण मारली. बरोबर चार वाजले होते आणि बेल वाजत होती.

दारात बाई होत्या. खांद्याला मोठी पर्स, काखेत जाड वही. बायकोने ओले हात पाठीमागे लपवले. बाईंची नजर आत शिरताच टाकीवर गेली.

"किती वाचली?" बाईंनी विचारलं.

"एकतीस," घड्याळजी खालूनच म्हणाला.

बाई खूश झालेल्या दिसल्या. काकांना त्यांनी एवढंच विचारलं, पाणी टाकीतलंच घेतलंत ना. काका हो म्हणाले. मग चालू द्या, बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

काका भांड्यात वनस्पती सोडत बसले. पाहुण्यांची उस्तवार सुरू झाली. चहा झाला, पुन्हा झाला. बायकोने बाईंना आतली खोली दाखवली: छोटा पलंग, पिवळे पडदे, भिंतीवर उंची मोजायच्या खुणा. शाळा चालत सहा मिनिटांवर, घड्याळजीने स्वतः तीनदा चालून वेळ मोजली होती. बाई प्रत्येक गोष्टीला छान म्हणाल्या, पण वही काही उघडेनात. लिहून न घेणारा माणूस धोक्याचा, असं बायकोला दवाखान्यात केसपेपर लिहून लिहून ठाऊक होतं. तिने तिसरा चहा विचारला.

बाई उठल्याच. पर्समधून त्यांनी एक पुडी आणि हिरवी जाळी काढून टेबलावर ठेवली.

"पिल्लांना ही भुकटी दिवसातून तीनदा, चिमूटभर. दुकान नवऱ्यावर टाकून आलेय, निघते आता. तुमच्या या काकांनी माझं कामच ठेवलं नाही."

दार लागलं. नवराबायको काकांकडे बघत राहिले.

काकांनी हात पुसले, बाह्या खाली केल्या आणि बुटांपाशी ठेवलेली बॅग उचलली.

"बाकी सगळं बघून झालंय," ते म्हणाले. "बाईंना दाखवलीत ती खोली तेवढी दाखवा."