रविवारचा क्लास रद्द

येणार म्हणून तीस जणींनी कळवलं होतं. मैदानावर एक बैल आला होता. शांता स्कूटरला टेकून उभी होती, दोन्ही आरशांवर एकेक हेल्मेट अडकवलेलं. बैलाने स्कूटर हुंगली, खाण्यासारखं काही नाही याची खात्री करून घेतली आणि तो बसस्टँडकडे निघून गेला. त्या रविवारी क्लासला आलेला तो एकटाच.

नवरा गेल्यावर शांता त्याची स्कूटर शिकली आणि आता रामनगरात बायकांना शिकवायचं तिच्या मनाने घेतलं होतं. बेळगावात राहणाऱ्या लेकाने, किरणने, अट घातली होती. दसऱ्यापर्यंत क्लास चालला तर ठीक, नाहीतर आईने गाशा गुंडाळून त्याच्या फ्लॅटवर यायचं. त्या तिसऱ्या मजल्यावर शांताचा जीव घुसमटायचा. तिथे सगळे तिला टीव्हीसमोर बसवून कामावर जात आणि संध्याकाळी येऊन काय बघितलं ते विचारत.

किरण तसा वाईट नव्हता. वाचनालयातल्या दीपालीने रामनगर आणि आसपासच्या गावांसाठी मोबाइलवर एक सामाईक कॅलेंडर केलं होतं. कुंभारवाड्याची बस, कॅसलरॉकची गाडी, गुरांचं लसीकरण, लग्नं, बारशी, सगळं त्यात असे आणि सगळे ते बघत. किरणने त्यातच दर रविवारी आईचा स्कूटर क्लास टाकून दिला. खाली 'येणार' आणि 'नाही' अशी दोन बटणं होती. 'नाही' कुणीच दाबलं नाही.

बाजारात शांताने कुंभारवाड्याच्या सुनयनाला गाठलं. "येनार म्हनून तूच दाबलंस न्हवं?"

"व्हय की, काकी. आमंत्रनाला न्हाई कसं म्हनायचं? बरं दिसत न्हाई."

"मग आली का न्हाईस?"

सुनयना भाजीच्या जुडीकडे बघत राहिली. "घरी येऊन कुनी बोलावलंच न्हाई."

हे शांताला आधीच सुचायला हवं होतं. कार्याचं बोलावणं म्हणजे कुणीतरी हळदकुंकू घेऊन दारात उभं राहायला पाहिजे, मोबाइल वाजून भागत नाही. पण हळदकुंकवाची कोयरी घेऊन शांताने कुणाच्या दारात जायचं? नवरा गेल्यापासून तोंडावर कुणी काही म्हणत नसे, तरी दार उघडणाऱ्या बाईचा चेहरा तिला आताच दिसत होता. तिला फार वाईट वाटलं. मग तिने कांदे घेतले आणि घरी आली.

दसरा झाला. शनिवारी किरण टेम्पो घेऊन हजर. त्याने भांडी खोक्यात भरायला घेतली. कुणी येणार नव्हतंच, तरी कुणाला फुकट हेलपाटा पडू नये म्हणून तिने मोबाइल काढला आणि उद्याचा क्लास कॅलेंडरमधून रद्द केला. मोबाइलने ते तीसही जणींना कळवलं.

रविवारी सकाळी सगळ्यांत आधी सुनयना आली. डोक्यावर पदर, हातात भाकरी-पिठल्याचा डबा. तिच्यामागून कुंभारवाड्याच्या आणखी बाया, मिळेल त्या ट्रकात बसून आलेल्या. मग गाडीने कॅसलरॉकच्या. एकेक जण आत येई, शांताला पोटाशी धरी आणि भिंतीकडेला बसे. दारात सामान भरलेला टेम्पो बघून तर दोघींना हुंदकाच फुटला.

"काकी," सुनयनाने हलकेच विचारलं, "कोन गेलं?"

"कुनी न्हाई."

"मग कार्य रद्द कसं झालं? ठरलेलं कार्य सुतक पडल्याबिगर कोन रद्द करतं?"

तेवढ्यात किरण गादी डोक्यावर घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याला धडधाकट बघून त्या दोघी रडायच्या थांबल्या. जरा नाराजच झाल्यासारख्या दिसल्या.

शांताने ओसरीभर नजर फिरवली. बसायला जागा उरली नव्हती. एवढ्या बाया तिच्या घरी नवरा गेला तेव्हाच आल्या होत्या, आणि तेव्हाही कुणाला बोलवावं लागलं नव्हतं. तिने टेम्पोतून हेल्मेटं काढली, मग लेकाकडून स्कूटर खाली उतरवून घेतली.

"आलाच हाय तर उठा," ती म्हणाली. "आधी ब्रेक कुठं असतो ते बघू."

दुपारपर्यंत सुनयनाने मैदानाला तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि एकदाच पडली होती. किरणने गादीसकट सगळं सामान परत आत नेऊन टाकलं, सगळ्यांबरोबर भाकरी-पिठलं खाल्लं आणि रिकामा टेम्पो घेऊन बेळगावला गेला. जाताना तो आईच्या पाया पडला.

निघताना सुनयना हेल्मेट देता देता घुटमळली. "काकी, खरं सांगू? घरी येऊन बोलावलं असतंस तरी मला यायला मिळालं नसतं. स्कूटर शिकायला जाते म्हटलं तर सासू चपला लपवून ठेवते. दुःखाला जाते म्हटलं की काई म्हनत न्हाई, उलट भाकरी बांधून देते." तिने हेल्मेट शांताच्या हातात ठेवलं. "पुढच्या रविवारी पन रद्दच कर."

शांताचा क्लास आता जोरात चालतो. दर शनिवारी संध्याकाळी ती न चुकता तो रद्द करते. कुंभारवाड्याच्या सासवा मात्र भाकऱ्या थापताना हळहळतात, की रामनगरच्या त्या बिचारीच्या घरात अजून माणसं उरली तरी किती असतील.