रोस्विताबाईंची शिकवणी

रोस्विता पुन्हा पडली. नेहमीच्याच वळणावर, कुंपणाच्या जरा अलीकडे, डाव्या कुशीवर.

"लागलं का, बाई?" वेंडेलिननं विचारलं.

"नाही, मास्तर. पण मला जमतच नाही हो."

"जमेल. द्या हात."

त्यानं तिला ओढून उभं केलं. तिच्या पाठीवरचा बर्फ झटकला. तिनं थोडा वेळ त्याचा हात धरून ठेवला. मग दोघं पुन्हा शिकाऊ उताराच्या माथ्याकडे निघाली.

वेंडेलिन तिरोलमधल्या त्या गावात तरुणपणापासून लोकांना स्की शिकवत आला होता. आता नवे पाहुणे तरुण मास्तर मागत. त्याला मूलबाळ नव्हतं आणि बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. हिवाळाभर तो खिडकीत बसायचा आणि रंगीबेरंगी टोप्या घातलेली माणसं हसत-ओरडत डोंगर उतरताना बघायचा. जानेवारीतला एक आठवडा मात्र वेगळा असायचा. दर वर्षी ब्रेमेनहून रोस्विता यायची आणि स्की-शाळेच्या खिडकीवर ठासून सांगायची, "मला वेंडेलिनच हवेत."

दुपारी दोघं ट्राउडीच्या खाणावळीत सूप प्यायला बसली. ट्राउडीनं वाडगे आपटले.

"काय रे वेंडेलिन, अजून शिकाऊ उतारावरच का? एवढ्या वर्षांत माझी गाय शिकली असती!"

"तुझी गाय ऐकणार आहे का माझं? या निदान ऐकून तरी घेतात."

रोस्विता हसली. मग बराच वेळ ती वाडग्यात चमचा फिरवत राहिली.

"पुढच्या वर्षी मी येणार नाही, मास्तर."

वेंडेलिननं पाव तोडला, पण तोंडात घातला नाही.

"मुलगी म्हणते, या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कशाला? तिचंही खरंच आहे. मला काही येत नाही. तुमचाही वेळ फुकट जातो."

"उद्या निघणार?"

"सकाळच्या गाडीनं."

बाहेर माणसांना वर नेणारे तारेवरचे पाळणे डोंगरावर चढत होते. वेंडेलिन त्यांच्याकडे बघत राहिला.

"मग आज वर जाऊ," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत तुम्ही माथा पाहिलेला नाही. उतरायला मागच्या अंगानं लांबची वाट आहे. बैलगाडी जाईल इतकी सपाट."

माथ्यावर वारा होता. पलीकडची शिखरं ढगांत बुडाली होती. दोघं शेवटच्या पाळण्यातून उतरली, तेव्हा बाकीचे पाहुणे खाली गेले होते; मग पाळणेही थांबले. दोघं लांबच्या वाटेनं निघाली. वेंडेलिन पुढे, रोस्विता मागे, पाय फाकवून, घाबरत घाबरत.

थोडं अंतर गेल्यावर वेंडेलिन घसरला. दोनदा लोळला आणि गुडघा धरून बसून राहिला.

"मास्तर!"

"गुडघा गेला वाटतं. उभं राहवत नाही."

तिनं त्याला उठवायचा प्रयत्न केला. तो जागचा हलला नाही. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. थंडी कपड्यांतून आत शिरत होती.

"तुम्ही असंच पुढे जा," तो म्हणाला. "सावकाश. गावात पोचलात की बचावाच्या लोकांना पाठवा."

"या वाटेनं गेले तर अंधार पडेल. तोवर तुम्ही गारठून जाल."

"दुसरी वाट नाही."

होती. डाव्या हाताला सगळ्यांत अवघड उताराच्या खुणेची, काळ्या खांबांची रांग दरीत उतरत होती. त्या कड्यावरून जायचं तर गावातली पोरंही दोनदा विचार करत. रोस्वितानं तिकडे पाहिलं. आपला जाड मफलर काढून वेंडेलिनच्या गळ्याभोवती गुंडाळला. मग वाकून बुटांच्या कड्या घट्ट केल्या.

"मास्तर, मला माफ करा," ती म्हणाली आणि कड्यावरून खाली झेपावली.

गुडघे जुळलेले, खांदे स्थिर. एक वळण, दुसरं, तिसरं. बर्फावर रेघा उमटत गेल्या, कुणी सुरीनं लोणी कापावं तशा. मग ती ढगात दिसेनाशी झाली. सरसर आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला. वेंडेलिन त्या मोठ्या पांढऱ्या डोंगरावर एकटाच बसून राहिला.

उजेड होता तोवरच बचावाची माणसं घसरगाडी घेऊन आली. त्याला बांधताना एक जण म्हणाला, "ती बाई कोण आहे हो? काळ्या उतारावरून आली. असं उतरताना आम्ही कुणाला पाहिलेलं नाही."

गावच्या दवाखान्यात डॉक्टर यायची होती. रोस्विता खाटेशेजारी बसली. तिची नजर वर होत नव्हती.

"मी तरुणपणी शर्यतींत उतरायचे," ती म्हणाली. "नवरा गेल्यावर सगळं सोडलं. पहिल्या वर्षी इथे आले, तेव्हा त्या वळणावर खरंच पडले होते. लक्ष नव्हतं. तुम्ही हात दिलात. कितीतरी महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता, मास्तर. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. मग पडतच राहिले. तुम्हाला इतकी वर्षं फसवलं."

वेंडेलिननं गळ्यातला तिचा मफलर चाचपला.

"सकाळची गाडी?" त्यानं विचारलं.

"जाऊ दे ती गाडी. तुमच्या घरी करणारं कोण आहे? तुमचा पाय बरा होईपर्यंत मी इथेच राहते. मुलीला फोन करून येते."

ती बाहेर गेली आणि डॉक्टर बुर्गी आत आली. लहानपणी तिला स्कीवर उभं केलं होतं ते वेंडेलिननंच. तिनं गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला. मग कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"मास्तर, सूज नाही, मुरगळ नाही. गुडघा ठणठणीत आहे. आणि त्या सपाट वाटेवर तुम्ही पडलात तरी कसे?"

बाहेरच्या व्हरांड्यातून रोस्विताचा फोनवरचा आवाज येत होता. वेंडेलिननं पाय बुर्गीच्या पुढे सरकवला.

"पट्टी जरा जाडच बांध, पोरी," तो हळूच म्हणाला. "आणि पडायचं कसं म्हणशील, तर ते मी इतकी वर्षं तिच्याकडूनच शिकतोय."