पहिलं 'नको'

"काका, कोथिंबीर वडी घ्या ना," म्हणत समोरच्या बाकावरच्या मुलीने डबा पुढे केला. गाडीने भुसावळ सोडून तास झाला होता आणि आमचा दशम्यांचा डबा पुण्यात ओट्यावरच राहिला होता. तो पिशवीत ठेवायचं काम माझं होतं.

"नको नको, आत्ताच चहा झालाय," मी म्हणालो. आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी धरत नाही. दुसऱ्या आग्रहाला 'बरं, एकच' म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यानंतर डबा कधी रिकामा झाला ते कुणी बघत नसतं.

"बरं," म्हणून तिने डबा माझ्या बायकोपुढे धरला. बायकोने "घेते की" म्हणत सरळ तीन वड्या उचलल्या आणि झाकण लागलं. मी खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा बघत बसलो. पँट्रीवाला आला, तर त्याच्याकडे फक्त टोमॅटो सूप उरलं होतं. तेच दोन कप प्यायलो.

अकोला गेल्यावर बायकोने मांडीवरचा रुमाल उलगडला. तीनातली एक वडी तिने माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्याकडे इतक्या प्रेमाने मी क्वचितच पाहिलं असेल.

"घेताय?" तिने विचारलं.

"नको, तू खा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने खाल्ली.