विहिरीची जागा

नातीने कळ दाबली आणि पडद्यावर घरं, झाडं, पायवाटा असं अख्खं गाव आपोआप उगवलं. ती कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी असली गावं बनवते. "आजोबा, आता नवी सोय केलीय. हवं ते धरून हलवा, बाकीचं गाव स्वतःच जुळवून घेईल."

यांनी आमचं जुनं गाव लावायला घेतलं. आमचं घर कुठेतरी कडेला टाकलं. विहीर मात्र बरोब्बर शेवंताच्या दारासमोर नेऊन ठेवली. आमच्या लग्नानंतरही हे बैलांना पाणी पाजायला तिथे जायचे ते दिवेलागणीलाच परतायचे. शेवंता जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझी जळजळ काही गेली नाही.

"चहा घ्या आधी," म्हणत मी माउस काढून घेतला. विहीर धरली आणि ओढत आमच्या अंगणात आणली. शेवंताच्या दारातली पायवाट पुसली गेली. गावातल्या सगळ्या वाटा वळून माझ्या दाराशी आल्या.

"अगं, विहीर तिथे नव्हती!" हे ओरडले.

"माहीत आहे," मी म्हटलं. "आता बैलांना इथेच पाणी पाजा."